बोट ठेवा, दोन्ही बाजू वाचा: इंग्रजी वाक्यं जोडण्याची रीत

इंग्रजीत लिहिलेली पानं तपासताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसते. शब्द नेमके असतात, काळ बरोबर असतो, स्पेलिंग चोख असतं. बिघडतो तो सांधा. 'ऑल्दो'ने सुरू झालेल्या वाक्यात मध्येच 'बट' येतो. नको तिथे स्वल्पविराम पडतो आणि हवा तिथे राहून जातो. 'अँड', 'बट', 'ऑर' हे शब्द आपण इंग्रजीच्या पहिल्या काही धड्यांतच शिकतो, त्यामुळे पुढे त्यांच्याकडे कुणी वळून पाहत नाही. या चुकांपैकी बऱ्याच थेट मराठीतून आलेल्या असतात. चूक मराठीच्या कुठल्या सवयीतून आली हे एकदा उमगलं की ती सहसा परत होत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून इथे नियमांच्या जोडीला त्या सवयीही दाखवतो.

आधी सात शब्द नीट ओळखू

शाळेत आपण उभयान्वयी अव्ययं शिकलो आहोत. त्यांतली प्रधानत्वबोधक अव्ययं, म्हणजे दोन तोलामोलाची वाक्यं जोडणारी, तीच इंग्रजीतली कोऑर्डिनेटिंग कंजंक्शन्स. ती सात आहेत: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. लक्षात ठेवायला आद्याक्षरांचा 'फॅनबॉइज' हा शब्द सांगतात.

मराठी व्याकरणातले चार गट आठवले तर हे सात शब्द त्यांत जवळजवळ नेमके बसतात. समुच्चयबोधक 'आणि, व' म्हणजे अँड, आणि नकारात नॉर. विकल्पबोधक 'किंवा, अथवा, की' या तिघांनाही इंग्रजीत एकटा ऑर पुरतो. 'तू येतोस की नाही?' यातला 'की'सुद्धा ऑरच. न्यूनत्वबोधक 'पण, परंतु' म्हणजे बट आणि येट. परिणामबोधक 'म्हणून' म्हणजे सो. उरला फॉर. त्याचा अर्थ 'कारण', आणि आपल्याकडे 'कारण' हे गौणत्वबोधकांत, म्हणजे दुय्यम वाक्य मुख्य वाक्याला जोडणाऱ्या अव्ययांत, मोडतं. फॉर वापरताना आपला हात अडखळतो त्याचं हे एक कारण असावं.

सातही शब्द एका माळेत ओवले असले तरी त्यांचा स्वभाव सारखा नाही. 'अँड येट' चालतं, 'अँड सो' चालतं, पण 'अँड बट' कधीच चालत नाही. एका जागी एकच जोडशब्द बसतो, असा इंग्रजीचा कायदा आहे. येट आणि सो थोडे क्रियाविशेषणासारखे वागतात, म्हणून त्यांना सूट मिळते. अँड, ऑर आणि बट हे तीन खरे कणखर. सरावाची सुरुवात या तिघांपासून करावी.

पहिली पायरी: जोडशब्दावर बोट ठेवा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ती ही असावी. वाक्यातल्या जोडशब्दावर खरोखर बोट ठेवायचं, तो झाकायचा, आणि त्याच्या डाव्या-उजव्या बाजू वेगवेगळ्या वाचायच्या. स्वल्पविराम, सर्वनाम, क्रियापदाचं वचन, रचनेचा समतोल, या सगळ्यांची उत्तरं त्या दोन बाजूंत मिळतात.

हे वाक्य घ्या: 'शी क्लोज्ड द विंडो अँड स्विच्ड ऑफ द लाइट.' 'अँड' झाका. डावीकडे पूर्ण वाक्य आहे. उजवीकडे 'स्विच्ड ऑफ द लाइट' एवढंच उरतं. कुणी दिवा मालवला? कर्ता नाही. उजवी बाजू एकटी उभी राहू शकत नाही, म्हणून 'अँड'च्या आधी स्वल्पविराम नको.

आता हे पाहा: 'शी क्लोज्ड द विंडो, अँड हर ब्रदर स्विच्ड ऑफ द लाइट.' दोन्हीकडे स्वतःचा कर्ता, स्वतःचं क्रियापद. दोन्ही बाजू पूर्णविराम देऊन सुट्या करता येतील. अशा वेळी जोडशब्दाच्या आधी स्वल्पविराम. आधी, नंतर नव्हे. 'बट,' असं लिहून पुढे जाण्याची सवय फार पसरली आहे, ती मोडायला हवी. आपण बोलताना 'पण'नंतर थांबतो म्हणून लिहितानाही तिथे थांबावंसं वाटतं. पण इंग्रजी स्वल्पविराम श्वासावर चालत नाही, वाक्याच्या रचनेवर चालतो.

दोन्ही वाक्यं अगदी छोटी असतील तर स्वल्पविराम गाळला तरी चालतं: 'आय कॉल्ड अँड शी कम.' थांबा, हे वाक्य मी मुद्दाम चुकीचं लिहिलं. दोन्ही बाजू वाचल्यात तर 'शी कम' लगेच खटकेल. तिथे 'शी केम' हवं. बोट ठेवण्याचा हा वरचा फायदा, इतर चुकाही उघड्या पडतात.

आज्ञार्थी वाक्यात कर्ता लपलेला असतो, त्यामुळे तिथे फसू नका. 'लीव्ह नाउ, ऑर यू विल मिस द ट्रेन.' डावीकडे 'यू' अध्याहृत आहे, म्हणजे ते पूर्ण वाक्यच, म्हणून स्वल्पविराम. हा 'ऑर' म्हणजे आपलं 'नाहीतर'. 'टर्न लेफ्ट, अँड यू विल सी द ब्रिज' याचं मराठी मात्र 'डावीकडे वळा, म्हणजे पूल दिसेल' असं होतं. या 'म्हणजे'साठी 'दॅट मीन्स' लिहिणारे खूप भेटतात. इंग्रजीला तिथे साधा 'अँड' पुरतो.

अर्धविरामाचा घोळ

इंग्रजीत 'बट'च्या आधी अर्धविराम देण्याच्या चुकीबद्दल मुलांना दोष देणं मला कधीच पटलं नाही. मराठी व्याकरणात आपल्याला शिकवतात की दोन छोटी वाक्यं उभयान्वयी अव्ययाने जोडलेली असतील तर अर्धविराम द्यावा. 'ढग गडगडले; पण पाऊस आला नाही.' मराठीत हे अगदी शुद्ध आहे. तोच विद्यार्थी प्रामाणिकपणे इंग्रजीत अर्धविराम देऊन पुढे 'बट' लिहितो, आणि त्याचे गुण जातात. त्याने नियम मोडलेला नसतो, एका भाषेचा नियम दुसरीकडे पाळलेला असतो.

इंग्रजीत सात जोडशब्दांच्या आधी स्वल्पविराम येतो. अर्धविराम येतो तो जोडशब्द नसताना, किंवा 'हाउएव्हर', 'देअरफोर', 'मोअरओव्हर' अशा शब्दांच्या आधी. हे शब्द जोडशब्दांसारखे दिसतात, पण ती क्रियाविशेषणं आहेत. ओळखायची खूण सोपी आहे: शब्द जागचा हलवून बघा. 'द रूम वॉज स्मॉल. हाउएव्हर, इट वॉज क्लीन.' इथे 'हाउएव्हर' उचलून वाक्याच्या शेवटी ठेवता येतो: 'इट वॉज क्लीन, हाउएव्हर.' 'बट' असा हलत नाही. जो हलतो तो जोडशब्द नव्हे, म्हणून त्याच्याआधी नुसता स्वल्पविराम पुरत नाही.

नुसत्या स्वल्पविरामाने दोन पूर्ण वाक्यं चिकटवणं ही इंग्रजीत चूक गणली जाते. तिला कॉमा स्प्लाइस म्हणतात. 'इट वॉज रेनिंग, वी स्टेड इनसाइड' हे मराठी कानाला गोड लागतं, कारण 'पाऊस होता, घरातच थांबलो' असं आपण सहज म्हणतो. इंग्रजीत मात्र तिथे 'सो' घाला, अर्धविराम द्या किंवा पूर्णविराम द्या.

दुसरी पायरी: दोन्ही बाजू एकाच साच्याच्या हव्यात

पुन्हा बोट ठेवा. डावीकडे नाम असेल तर उजवीकडे नाम, डावीकडे 'टू'चं रूप असेल तर उजवीकडेही तेच. 'शी लाइक्स रीडिंग अँड टू स्विम' हे लंगडतं. 'रीडिंग अँड स्विमिंग' करा किंवा 'टू रीड अँड टू स्विम'.

जोडीने येणाऱ्या शब्दांत ही चूक जास्त होते: 'बोथ' आणि 'अँड', 'आयदर' आणि 'ऑर', 'नायदर' आणि 'नॉर', 'नॉट ओन्ली' आणि 'बट ऑल्सो'. यांतल्या पहिल्या शब्दामागून जे येतं त्याच जातीचं दुसऱ्यामागून यायला हवं. 'ही नॉट ओन्ली रोट द लेटर बट ऑल्सो पोस्टेड इट' हे बरोबर, कारण दोन्हीकडे क्रियापद आहे. 'ही रोट नॉट ओन्ली द लेटर बट ऑल्सो पोस्टेड इट' यात एकीकडे नाम, दुसरीकडे क्रियापद, तोल गेला. दुरुस्ती बहुतेक वेळा एक शब्द दोन घरं सरकवण्याएवढीच असते.

तिसरी पायरी: सर्वनाम आणि क्रियापद

'माय सिस्टर अँड आय' की 'माय सिस्टर अँड मी'? बोटाने जोडशब्दच नव्हे, अख्खी डावी बाजू झाका. 'मी वेंट होम' असं कुणी म्हणणार नाही, म्हणून 'माय सिस्टर अँड आय वेंट होम'. उलट 'ही कॉल्ड आय' असंही कुणी म्हणणार नाही, म्हणून 'ही कॉल्ड माय सिस्टर अँड मी'. 'आय' जास्त सभ्य असतो असा समज करून बरेच जण सगळीकडे तोच घालतात आणि 'बिट्वीन यू अँड आय' लिहितात. तिथे 'मी' हवा. मराठीत आपण 'मी आणि माझी बहीण' म्हणतो, इंग्रजीत स्वतःला शेवटी ठेवण्याची रीत आहे.

क्रियापदाचं वचन थोडक्यात सांगतो. 'अँड'ने जोडलेले दोन कर्ते अनेकवचनी. 'ऑर' आणि 'नॉर' असतील तर क्रियापदाला जो कर्ता जवळचा, त्याप्रमाणे: 'द कॅप्टन ऑर द प्लेअर्स आर', पण 'द प्लेअर्स ऑर द कॅप्टन इज'. दुसरं वाक्य शुद्ध असलं तरी कानाला टोचतं, म्हणून मी अनेकवचनी शब्द क्रियापदाजवळ ठेवायला सांगतो. 'द पोएट अँड पेंटर इज' म्हणजे कवी आणि चित्रकार एकच माणूस; 'द पोएट अँड द पेंटर आर' म्हणजे दोन माणसं. एका 'द'ने माणसांची संख्या बदलते. 'ॲज वेल ॲज' मात्र 'अँड'चा भाऊ नव्हे. 'द कॅप्टन, ॲज वेल ॲज द प्लेअर्स, इज रेडी' इथे क्रियापद कॅप्टनचंच ऐकतं.

चौथी पायरी: मराठीच्या सवयी ओळखा

ही पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

जरी-तरी. 'जरी उशीर झाला तरी आम्ही पोहोचलो.' मराठीला दोन शब्द लागतात, एकाने वाक्य अधांतरी राहतं. म्हणून आपण 'ऑल्दो वी वेअर लेट, बट वी मॅनेज्ड' लिहितो. इंग्रजीत सांधा एक तर जोडशब्दही एकच. 'ऑल्दो' ठेवा किंवा 'बट' ठेवा. 'बिकॉज' आणि 'सो' यांचंही तसंच: 'बिकॉज आय वॉज टायर्ड, सो आय स्लेप्ट' यातला एक काढा, कोणताही.

'पण'. मराठीत 'पण' दोन कामं करतो. 'मी आलो पण तो आला नाही' इथे तो विरोध दाखवतो. 'मी पण येतो' इथे त्याचा अर्थ 'सुद्धा'. दुसऱ्या 'पण'साठी 'बट' कधीच नाही. तिथे 'टू' किंवा 'ऑल्सो'. मोठी माणसं ही चूक फारशी करत नाहीत, लहान मुलं हमखास करतात.

'म्हणून'. हाही दुहेरी शब्द आहे. 'तो आजारी होता म्हणून आला नाही' हा परिणाम. 'मला दिसावं म्हणून तिने दिवा लावला' हा उद्देश. परिणाम असेल तर 'सो' आणि आधी स्वल्पविराम: 'ही वॉज इल, सो ही डिड नॉट कम.' उद्देश असेल तर 'सो दॅट', आणि स्वल्पविराम नाही: 'शी स्विच्ड ऑन द लाइट सो दॅट आय कुड सी.' शंका आली की मराठीत 'यासाठी की' बसतं का ते पाहा. बसलं तर 'सो दॅट'.

नकारातला 'आणि'. 'मी टेनिस आणि फुटबॉल खेळत नाही' हे मराठीत ठीक आहे, दोन्ही खेळत नाही असाच अर्थ होतो. इंग्रजीत 'आय डोन्ट प्ले टेनिस अँड फुटबॉल' म्हटलं की ऐकणारा गोंधळतो: दोन्ही एकत्र खेळत नाहीस, म्हणजे एखादा खेळतोस? नकाराच्या पोटात इंग्रजी 'ऑर' मागते: 'आय डोन्ट प्ले टेनिस ऑर फुटबॉल.'

ऊन. 'तिने दार उघडून बाहेर पाहिलं.' आपल्या भाषेचं हे 'ऊन' फार देखणं आहे. एका प्रत्ययात दोन क्रिया बांधून टाकतं. इंग्रजीत त्यासाठी प्रत्यय शोधू लागलं की 'बाय ओपनिंग द डोअर शी लुक्ड आउट' असं अवघडलेलं वाक्य तयार होतं. सरळ 'अँड' घ्या: 'शी ओपन्ड द डोअर अँड लुक्ड आउट.' 'जाऊन बघ' म्हणजे 'गो अँड सी', 'येऊन बस' म्हणजे 'कम अँड सिट'. मराठीत जिथे 'आणि' दिसतच नाही तिथे इंग्रजीत 'अँड' उगवतो, हे कळल्यावर कित्येकांचं इंग्रजी एकदम मोकळं होतं. मी ते पाहिलं आहे.

नॉर आणि फॉर

'नॉर'मध्ये नकार आधीच भरलेला आहे, आणि त्याच्यामागे वाक्याचा क्रम प्रश्नासारखा उलटतो. 'तो आला नाही आणि त्याने फोनही केला नाही' याचं इंग्रजी 'ही डिड नॉट कम, नॉर डिड ही कॉल.' 'नॉर ही डिड नॉट कॉल' यात दोन चुका आहेत: क्रम सरळ राहिला आणि नकार दोनदा आला. रोजच्या बोलण्यात 'नॉर' कमी ऐकू येतो; लिहिताना मात्र योग्य जागी आला की शोभतो.

'फॉर' कारण सांगतो, पण त्याचा रंग जुना आणि लेखी आहे. 'शी लिट द लँप, फॉर इट वॉज गेटिंग डार्क.' तो वाक्याच्या सुरुवातीला आणून 'बिकॉज'सारखा वापरता येत नाही, आणि 'व्हाय?' या प्रश्नाला 'फॉर'ने उत्तर देत नाहीत. अर्जात, उत्तरपत्रिकेत, कामाच्या पत्रात 'बिकॉज' लिहा.

यादीतला शेवटचा स्वल्पविराम

तीन किंवा अधिक गोष्टींच्या यादीत शेवटच्या 'अँड' किंवा 'ऑर'च्या आधी स्वल्पविराम द्यावा की नाही, यावर इंग्रजी लिहिणाऱ्यांत एकमत नाही. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या छपाईत तो देण्याची पद्धत आहे, म्हणून त्याला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात. बरीच वर्तमानपत्रं तो गाळतात. मी द्यायला सांगतो, आणि त्यामागे एक खरा खटला आहे.

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कायद्यात, जादा कामाचा मोबदला कोणत्या कामांना लागू नाही याची यादी होती. तिचा शेवट असा: 'स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन ऑफ', आणि पुढे मालाचे प्रकार. 'ऑर'च्या आधी स्वल्पविराम नव्हता. ओकहर्स्ट डेअरी या कंपनीचे चालक माल वाटत, पण भरत नसत. त्यांचं म्हणणं, यादीत फक्त 'वाटपासाठी भरणं' आहे, वाटप हे वेगळं काम नाही. तेव्हा आम्हाला मोबदला मिळायला हवा. कंपनीचं म्हणणं, वाटप हे यादीतलं शेवटचं स्वतंत्र काम आहे.

इथे आपली बोटाची युक्ती लावून बघा. 'ऑर' झाकला तर डावीकडे 'शिपमेंट', उजवीकडे 'डिस्ट्रिब्युशन'. दोन्ही एकाच साच्याची नामं. यादीतली बाकीची सगळी कामं मात्र 'इंग'ने संपणारी: कॅनिंग, प्रोसेसिंग, फ्रीझिंग. साचा पाहिला तर 'डिस्ट्रिब्युशन' हा 'शिपमेंट'चा जोडीदार वाटतो, आणि चालकांच्या बाजूने हाही मुद्दा मांडला गेला. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने वाक्य संदिग्ध आहे असं ठरवून चालकांच्या बाजूने निकाल दिला. २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. मेनने त्या यादीची रचनाही बदलली: आता प्रत्येक कामानंतर अर्धविराम आहे आणि 'डिस्ट्रिब्युशन'च्या जागी 'डिस्ट्रिब्युटिंग' आलं आहे.

'अँड'ने वाक्य सुरू करावं का?

खुशाल करावं. शाळेत याला मनाई असते, कारण मुलं प्रत्येक वाक्य 'अँड'ने सुरू करतात आणि तुटकी वाक्यं लिहितात. पण हा व्याकरणाचा नियम नव्हे. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलच्या पहिल्या अध्यायात ३१ वचनं आहेत, त्यांपैकी २९ 'अँड'ने सुरू होतात. फक्त दोन गोष्टी सांभाळा: पुढचं वाक्य पूर्ण असावं, आणि 'अँड' किंवा 'बट'नंतर उगाच स्वल्पविराम नसावा. परीक्षेत मात्र हा मोह टाळलेला बरा. तपासणारा कोणत्या मताचा आहे हे आपल्याला ठाऊक नसतं.

आता हात चालवा

खालचा मजकूर वाचा आणि उत्तर बघण्याआधी प्रत्येक जोडशब्दावर बोट ठेवा.

'ऑल्दो द ट्रेन वॉज लेट, बट वी अराइव्ड ऑन टाइम. माय सिस्टर अँड मी वेंट इनसाइड, अँड फाउंड अवर सीट्स. द हॉल वॉज फुल, हाउएव्हर नोबडी वॉज स्पीकिंग. आय डिड नॉट नो द स्पीकर अँड द सब्जेक्ट.'

पहिल्या वाक्यात दोन जोडशब्द आहेत, 'ऑल्दो' काढा. दुसऱ्यात 'सिस्टर' झाकल्यावर 'मी वेंट' उरतं, म्हणून 'आय'. आणि 'फाउंड'ला स्वतःचा कर्ता नाही, म्हणून त्याआधीचा स्वल्पविराम जातो. तिसऱ्यात 'हाउएव्हर'च्या आधी अर्धविराम आणि नंतर स्वल्पविराम द्या, नाहीतर त्याच्या जागी 'येट' घाला आणि आधीचा स्वल्पविराम तसाच राहू द्या. चौथ्यात नकार आहे, म्हणून 'अँड'चा 'ऑर' होतो.

'द ट्रेन वॉज लेट, बट वी अराइव्ड ऑन टाइम. माय सिस्टर अँड आय वेंट इनसाइड अँड फाउंड अवर सीट्स. द हॉल वॉज फुल, येट नोबडी वॉज स्पीकिंग. आय डिड नॉट नो द स्पीकर ऑर द सब्जेक्ट.'

यानंतर स्वतःचं जुनं लिखाण काढा, एखादं पत्र किंवा निबंध, आणि त्यातले सगळे जोडशब्द पेन्सिलीने गोल करा. पहिल्या पानाला वेळ लागेल. तिसऱ्या-चौथ्या पानापर्यंत बोट आपोआप योग्य जागी थांबू लागेल.